फ्रँकीतला फ्रँक

आजचा भाग दुपारच्या जेवणाबद्दल आहे. म्हणजे डबा आणलेला नाही, कँटीनला रांग आहे आणि दोनच्या मीटिंगला वीस मिनिटं उरलीत, अशा दिवशीच्या जेवणाबद्दल. अंधेरी पूर्वेला एमआयडीसी-सीप्झच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, अशा दिवशी पर्याय दोन-तीनच असतात: वडापाव, सँडविच नाहीतर फ्रँकी. वडापावची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 1966, दादर स्टेशन, अशोक वैद्य. सँडविचबद्दल कधीतरी बोलू. फ्रँकीचं मात्र वेगळंच आहे. हे नाव आपण रोज घेतो, पण हे नाव मुळात कुणाचं, हे सहसा विचारत नाही.

तर फ्रँक नावाचा एक माणूस खरोखर होता. तो कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचा.

टिब्स फ्रँकीवाले आपली गोष्ट सांगतात ती अशी. अमरजितसिंग टिब नावाचे गृहस्थ 1960च्या दशकात इंग्लंडहून परत येताना बैरूतला थांबले. तिथं त्यांनी पिटामध्ये मांस गुंडाळून खाल्लं आणि ती कल्पना डोक्यात घेऊन ते मुंबईला आले. 1969 साली त्यांनी तसाच, पण आपल्या चवीचा पदार्थ विकायला काढला. नाव ठेवलं आपल्या आवडत्या क्रिकेटपटूवरून, फ्रँक वॉरेलवरून. नाव एका कंपनीचं, पण उपनगरातल्या गाड्यांनी ते केव्हाच आपलंसं केलं. आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर जा, तव्याच्या बाजूला अर्धवट भाजलेल्या मैद्याच्या चपात्यांची चवड दिसणारच. चपाती तेलावर टाकायची, हवं असेल तर अंडं फोडायचं, वर बटाट्याचं किंवा चिकनचं सारण, कच्चा कांदा, मसाला, व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्यांचं आंबट पाणी. मग सुरळी करायची आणि कागदात गुंडाळायची. ताट नाही, चमचा नाही, बसायला जागा नाही. एका हातात फ्रँकी, दुसऱ्या हातात मोबाईल.

आता या फ्रँककडे वळू.

फ्रँक वॉरेलचा जन्म 1924चा. 1948-49 साली वेस्ट इंडिजचा संघ पहिल्यांदा भारतात आला, तेव्हा वॉरेल त्यात नव्हता. मानधनाच्या प्रश्नावरून त्याचं बोर्डाशी बिनसलं होतं. पुढच्याच हंगामात तो कॉमनवेल्थ संघातून भारतात आला आणि कानपूरला नाबाद 223 धावा करून गेला. 1950-51 साली तो पुन्हा आला, आणि कर्णधार लेस एम्स खेळू शकत नव्हते तेव्हा संघाचं नेतृत्वही त्यानं केलं. जरा थांबून विचार करा. भारतातल्या मैदानांवर हा कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या इंग्लिश खेळाडूंचा कर्णधार होता, आणि स्वतःच्या वेस्ट इंडिजचा कर्णधार व्हायला त्याला अजून दहा वर्षं होती. तिथं ती जागा जवळजवळ नेहमी गोऱ्यांसाठी राखलेली असायची. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार वॉरेल झाला तो 1960-61च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर.

आपल्याकडे वॉरेलचं नाव घराघरांत पोचलं ते 1962 साली. मार्च महिन्यात बार्बाडोसमधल्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर बसला. कवटीला मार, तातडीची शस्त्रक्रिया, रक्ताची गरज. रक्त दिलं ते चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि पत्रकार के. एन. प्रभू यांनी, आणि प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेल यानं. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळला नाही, पण जगला. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी 2022 साली, म्हणजे 60 वर्षांनी, मुंबईतच काढली गेली. वॉरेलला मात्र तेवढं आयुष्य मिळालं नाही. 1967च्या मार्चमध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं तो गेला. कोलकात्यात 1981पासून 3 फेब्रुवारीला त्याच्या नावानं रक्तदान होतं. मुंबईत त्याच्या नावानं काय होतं? फ्रँकी. त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत ती बाजारात आली.

इथपर्यंतची गोष्ट क्रिकेटवेड्या मंडळींना थोडीफार माहीत असेल. मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात. कारण वॉरेल ज्या भागातून आला, त्या कॅरिबियनमध्येही दुपारी लोक रस्त्यात उभं राहून गुंडाळलेली चपाती खातात. आणि तिचं नाव आहे रोटी. आपलाच शब्द.

त्रिनिदादमध्ये 'रोटी' म्हटलं की नुसती पोळी डोळ्यांपुढे येत नाही. आत बटाटा, चणे, कोंबडी किंवा बकरीचं मटण भरलेली, चौकोनी घडी घातलेली, कागदात बांधलेली अख्खी शिदोरी म्हणजे रोटी. बाहेरची पोळी बहुधा दालपुरी असते: पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, जिरं घालून, कोरडी वाटून कणकेत भरायची आणि पातळ लाटायची. आपल्या भाषेत सांगायचं तर गुळाशिवायची पुरणपोळी. दुसरा प्रकार पराठ्याचा. तो तव्यावरच कालथ्यानं मारून मारून फाडतात, म्हणून त्याचं नाव 'बस-अप-शट', म्हणजे फाटका शर्ट! रोटीत सारण गुंडाळून विकायची पद्धत 1940च्या दशकात दक्षिण त्रिनिदादच्या सॅन फर्नांडो शहरात रुळली असं सांगतात, आणि त्याचं श्रेय सकिना करामत या खाणावळवाल्या बाईंना देतात.

ही रोटी तिथं पोचली कशी? जहाजातून, आणि फारशी राजीखुशीनं नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं 1834 साली संपली, आणि 1838 पर्यंत उरलीसुरली वेठही संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. मळेवाल्यांनी ती भारतातून न्यायला सुरुवात केली. 5 मे 1838 रोजी पहिली जहाजं ब्रिटिश गयानाला लागली. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' त्रिनिदादला पोचलं. 1917 पर्यंत गयानाला सुमारे 2 लाख 39 हजार आणि त्रिनिदादला सुमारे 1 लाख 44 हजार माणसं गेली. पाच वर्षांचा करार, म्हणजे ॲग्रीमेंट. त्या शब्दाचं झालं 'गिरमिट', आणि माणसं झाली गिरमिटिया. करार मोडला तर तुरुंग. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर पास.

बहुतेक जण कलकत्त्याहून चढले. गाझीपूर, आझमगढ, बस्ती, बलिया, आरा, छपरा अशा भोजपुरी-अवधी पट्ट्यातले. शेतावर जाताना भाकरीवर कांदा-ठेचा ठेवून फडक्यात बांधायचा, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊस तोडणाऱ्या माणसानंही तेच केलं. रोटी हेच ताट आणि रोटी हेच जेवण. पुढे कित्येक वर्षं या रोटीला तिथल्या शहरात मान नव्हता. भारतीय घरांतली मुलं शाळेत डब्यातली रोटी लपून खायची, अशा आठवणी त्रिनिदादच्या लोकांनी भरपूर सांगितल्या आहेत. आज तीच रोटी सगळ्या वंशांचे लोक दुपारी रांगेत उभे राहून घेतात.

आता या दोन गोष्टी जोडतो. बार्बाडोसला गिरमिटिया गेले नव्हते, त्यामुळे वॉरेलच्या घरच्या ताटात रोटी असायचं काही कारण नव्हतं. पण त्याचा संघ पाहा. डिसेंबर 1960, ब्रिस्बेन, कसोटी क्रिकेटमधली पहिली 'टाय' झालेली कसोटी. वॉरेलच्या अकरा जणांत तिघं भारतीय वंशाचे होते: त्रिनिदादचा सॉनी रामाधिन, आणि गयानाच्या पोर्ट मॉरंट या ऊसमळ्याच्या गावातले रोहन कन्हाय आणि जो सॉलोमन. शेवटचा गडी सॉलोमननंच धावबाद केला आणि सामना बरोबरीत सुटला. म्हणजे ज्याच्या नावानं आपण अंधेरीत चपाती गुंडाळून खातो, त्याच्या संघात खरीखुरी गुंडाळलेली रोटी खाऊन वाढलेली मंडळी होती. आणि सुनील गावसकरनं आपल्या मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच कन्हायवरून. मुंबईनं कॅरिबियनकडून नाव एकदा नाही, दोनदा उचललंय.

यात आपण मराठी माणसं कुठे? दोन ठिकाणी. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही मजूर गेले. त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडचे मराठी लोक होते, आणि त्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी मराठी अजून जपली आहे. त्या बेटाचं रस्त्यावरचं सगळ्यात लाडकं खाणं म्हणजे 'ढोल पुरी'. पुन्हा तीच डाळ भरलेली पोळी, वालाची रस्सेदार भाजी आणि टोमॅटोची चटणी घालून गुंडाळलेली, आणि विकायची ती जोडीनं. दुसरं ठिकाण म्हणजे कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. 1910 साली त्यांनी कायदेमंडळात नाताळला गिरमिटिया पाठवणं बंद करण्याचा ठराव मांडला. 1912 साली ही पद्धतच मुळातून बंद करा असा ठराव आणला. सरकारी मतांनी तो पाडला, पण विषय बंद झाला नाही, आणि 1917 साली भरती थांबली. गोखले ते पाहायला नव्हते. ज्यांच्यासाठी ते भांडले, त्यांतले बहुसंख्य मराठी नव्हते. पूर्वांचलातले, बिहारमधले, मद्रासकडचे होते. गोखल्यांनी ते मोजलं नाही.

हा मुद्दा मी मुद्दाम इथं आणतोय. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला फ्रँकीच्या ज्या गाड्यांवर मी 'गाव कुठलं?' विचारलंय, तिथं पुष्कळदा उत्तर आलंय आझमगढ, बस्ती, छपरा. तेच जिल्हे, बरं का. पणजोबाच्या पिढीतला कुणी कलकत्त्याला जाऊन जहाजात चढला, आणि पणतूच्या पिढीतला कुणी रेल्वेनं कुर्ल्याला उतरला. एकाची रोटी त्रिनिदादची ओळख झाली. दुसऱ्याची रोटी आपण दुपारी खातो, आणि संध्याकाळी 'हे लोक फुटपाथ अडवतात' म्हणतो.

तुलना ताणायची नाही. गिरमिट ही कायद्यानं बांधलेली मजुरी होती. मुंबईला येणारा माणूस परत जाऊ शकतो. आणि फुटपाथचा प्रश्न खोटाही नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं मेली. त्यानंतर स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं उच्च न्यायालयानं सांगितलं. स्टेशनबाहेर श्वास घ्यायला जागा हवी, हे लोकलनं जाणाऱ्या कुणालाही पटेल. पण 2014चा पथविक्रेता कायदा असंही सांगतो, की आधी सर्वेक्षण करा, जागा ठरवून द्या, परवाना द्या. हटवणं झटपट होतं, जागा देणं रेंगाळतं. मग माणूस गाडी ढकलत 151व्या मीटरवर जातो, आणि गाडी उचलणारी व्हॅन दिसली की तिथूनही पळतो. गर्दीबद्दल बोलणं वेगळं, आणि माणूस कुठल्या गावचा यावरून बोलणं वेगळं. 2008 साली याच शहरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. तिथं फुटपाथचा प्रश्न नव्हता.

इतिहास वाचून चव बदलत नाही, हे मला मान्य आहे. शेजवान फ्रँकी शेजवान फ्रँकीच लागते. पण ती चपाती लाटणारा, तिला नाव देणारा आणि ज्याचं नाव दिलं तो, तिघंही बाहेरचे. त्यातल्या नाववाल्यानं आपल्या कर्णधाराला रक्त दिलं, आणि ते देताना गाव विचारलं नाही. निदान त्याच्या नावाची फ्रँकी खाताना आपण एवढं करू शकतो: गाव विचारायचं ते ओळख करून घ्यायला, हाकलायला नाही.

तुमच्या स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याचं गाव कुठलं, ते विचारून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.