उसना धैवत

भंडारा रोड हे स्टेशन ज्या वरठीत आहे, तो सारा मुलूख झाडीपट्टीचा. इथल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत ऑर्गनला आजही मान आहे. मराठी रंगभूमीवर हे वाद्य बालगंधर्वांच्या काळातच रुळलं होतं. त्यावर तीन पट्ट्या एकदम दाबायला काहीच अडचण नव्हती, तरी साथीदार गायकाच्या सुरामागोमागच जात राहिला. म्हणजे असे सूर एकदम वाजवणारी कॉर्ड आपल्याकडे वाद्यामुळे आली नाही, माणसांमुळे आली. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि वृंदगान शिकवलं जाई. तिथल्या मांडो या गाण्यांतही मायनर-मेजरची ये-जा आहे. हे वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमधून सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली ठळक नावं. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतामागे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटही होते.

या वादकांनी सोबत आणलेली एक युक्ती पेटीवर सहज दिसते. पांढरी एक सा धरून म, ध, सा ही कॉर्ड वाजवा. आता मधलं एकच बोट डावीकडच्या काळ्या पट्टीवर सरकवा. मेजरच्या, म्हणजे शुद्ध सुरांच्या, घरात नसलेला कोमल धैवत मायनरकडून उसना आला आणि उजळ सूर क्षणात झाकोळला. मग तो पंचमावर उतरतो, सा-ग-प उमटतं आणि कान निवतो. ही निव्वळ पाश्चात्त्य नक्कल, असा आक्षेप घेता येईल. युक्ती परकी होती हे खरंच. पण ती पटली, कारण कान आधीच तयार होता. वर्ज्य सुराला जपून हात लावण्याची मुभा आपल्याकडे ‘विवादी’ या नावाने जुनीच आहे आणि रंजकतेपुरती ती भातखंड्यांनीही मान्य केली. केदारातला कोमल निषाद किंवा यमनात दोन गंधारांमध्ये डोकावणारा शुद्ध मध्यम ऐकलेल्याला उसना धैवत अगदीच अनोळखी वाटणार नाही.

जाणकार यावर म्हणतील की विवादी हा चालीतला सूर, कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा समूह. दोहोंची तुलनाच चुकीची. हा आक्षेप वजनदार आहे आणि कॉर्डची खरी कमाईही त्यातच आहे. विवादी लावायचा तर गायकालाच वाट सोडावी लागते. इथे गायक षड्जावर स्थिर असतो, खालचा धैवत तेवढा बदलतो आणि तोच षड्ज वेगळा भासतो. रागाला हे साधत नाही. साधनं निराळी असली तरी शिस्त मात्र एकच: घर पक्कं हवं आणि पाहुण्याने मुक्काम ठोकू नये. अर्थात या शिस्तीलाही अपवाद आहे. बिहागात तीव्र मध्यम एके काळी विवादी म्हणून जेमतेम लागायचा. आज त्याच्यावाचून बिहाग ओळखू येत नाही.