हाँगकाँगचा पडदा, मुंबईची अफू

१/ २००२ साली ‘इन्फर्नल अफेअर्स’ हा कँटोनीज चित्रपट आला. टोळीत शिरलेला पोलीस, पोलिसांत शिरलेला टोळीचा माणूस आणि मध्ये अमली पदार्थांचा सौदा. मात्र ज्या अफूमुळे हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती पडले, तिचा मोठा वाटा मुंबई बंदरातून गेला होता.

२/ माळव्यात पिकणारी अफू मुंबईत येई. ईस्ट इंडिया कंपनी तिच्यावर परवाना-शुल्क घेई. चीनमध्ये अफूच्या आयातीला बंदी होती. म्हणून कँटनजवळ माल तस्करांच्या होड्यांत उतरे.

३/ या व्यापारातील अग्रणी जमशेटजी जीजीभॉय. कापूस आणि अफू यांवर त्यांची संपत्ती उभी राहिली.

४/ १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेश्यू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. युद्ध पेटले. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग ब्रिटिशांना मिळाले. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब.

५/ १८४५ मध्ये त्यांच्या देणगीच्या आधारे जे. जे. रुग्णालय सुरू झाले.

६/ पडद्यावरचा तस्कर अंधारात वावरतो. हा व्यापार मुंबईत भर उजेडात, शुल्क भरून चाले. चीनमध्ये जो गुन्हा, तोच येथे महसूल होता.