रेघ, टिंब आणि कंस

‘सा रे ग म’ ही अक्षरं फार जुनी आहेत. पण अक्षर फक्त स्वराचं नाव सांगतं. तो कोमल की शुद्ध, कुठल्या सप्तकातला, किती मात्रा धरायचा, हे त्यात नसतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नेमकं हेच अडलं होतं. चिजा गवयांच्या तोंडी होत्या. गवई गेला की चीजही जायची.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एकाच वर्गात अनेकांना शिकवायचं, तर लिहिलेलं हवंच. त्यांच्या लिपीत स्वराखाली त्याच्या कालावधीची खूण असते: एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकाची वेगळी. काटेकोर, पण डोळ्यांना जड.

मुंबईत वकिली केलेल्या विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी खुणांची काटकसर केली. शुद्ध स्वराला खूणच नाही. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर. स्वर लांबला की पुढे आडवी रेघ, गाण्यातलं अक्षर लांबलं की ‘ऽ’. जयपूर, रामपूर, ग्वाल्हेरच्या गवयांकडून मिळवलेल्या बंदिशी या लिपीत ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत आल्या.

एवढ्यावर भागत नव्हतं, म्हणून भर पडली. कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात. मींडेला वरून कमान. आणि माझी आवडती खूण, कंस: ‘(प)’ म्हणजे ‘धपमप’ झटक्यात. चार स्वरांची हरकत एका अक्षरात!

ही लिपी फोनवरही बरीचशी चालते. युनिकोडमध्ये वैदिक मंत्रांसाठी आडव्या-उभ्या रेघा आहेत, नुक्ता आणि अनुस्वार तर आहेतच. त्यामुळे ग॒, म॑, प़, सां हे सगळं साध्या मेसेजमध्ये लिहिता येतं. कण आणि मींड मात्र एका ओळीत मावत नाहीत. मग कोणी ‘^’ वापरतं, कोणी ‘~’. मीही वापरते.

इथेच जपायला हवं. दरबारीचा गंधार आणि बागेश्रीचा गंधार कागदावर एकच, ग॒. कानाला ते एक नाहीत. दरबारीचा खाली उतरून झुलतो. त्यासाठी खूण काढणं सोपं आहे. पण ती वाचून, दरबारी कधीच न ऐकलेला माणूस तो झोल गाऊ शकेल का? नसेल, तर ती खूण आधीच जाणणाऱ्यालाच आठवण करून देते, एवढंच. तेही काम आहे, पण छोटं.

म्हणून नवी खूण जरूर काढावी, फक्त तिचा अर्थ बंदिशीच्या वरच लिहून ठेवावा. आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाला ती बंदिश गाता यावी, यासाठीच तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता.