ठराव उरतो, कारणे हरवतात

कोणत्याही जुन्या युनियनची इतिवृत्ताची वही उघडा. 'ठराव मंजूर' ही ओळ पानोपानी आढळते. ठराव का झाला, विरोध कशासाठी होता, दुसरा मार्ग का सोडला, याचा पत्ता नसतो. दहा वर्षांनी नवी कार्यकारिणी येते आणि जुनाच वाद पहिल्यापासून घालते. कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना हे नित्याचे आहे.

पण याच देशात शेकडो माणसांनी एकत्र बसून एक प्रचंड काम केले आणि कारणेही जपली. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने राज्यघटना स्वीकारली. मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभागृहातील भाषणे शब्दशः टिपून छापली गेली.

एकच उदाहरण घेऊ. माणसाचे स्वातंत्र्य हिरावताना कायद्याने ठरविलेली पद्धत पाळली म्हणजे पुरे, की ती पद्धत न्याय्य आहे काय हेही न्यायालयाने पाहावे? काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुसऱ्या बाजूची दुरुस्ती मांडली. कन्हैयालाल मुनशींनी तिला पाठिंबा दिला. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळावर विसंबण्यातला धोका सांगितला, मूठभर न्यायाधीशांवर विसंबण्यातलाही सांगितला, आणि निवाडा सभागृहावर सोपविला. दुरुस्ती फेटाळली गेली. परंतु बाहेर टीका थांबेना, तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनीच अटकेतील माणसाच्या हक्कांचे वेगळे कलम आणले. तेच आजचे २२ वे कलम.

१९५० साली स्थानबद्धतेत असलेले कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने बहुमताने कायद्यातली पद्धत पुरेशी मानली. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात मात्र पद्धत न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे, असे त्याच न्यायालयाने ठरविले. तीस वर्षांपूर्वी हरलेल्या बाजूचे म्हणणे असे पुन्हा उभे राहिले. त्या वेळी कोणी काय म्हटले, हे आजही कोणालाही वाचता येते.

आपली पतपेढी असो, गृहनिर्माण संस्था असो की युनियन, ठरावाखाली चार ओळी अधिक लिहाव्यात : कारण काय, विरोध कोणता, आणि कोणती परिस्थिती पालटल्यास फेरविचार करावा. बहुमताने आजचे काम चालते. हरलेल्याचे म्हणणे उद्याच्या माणसांची ठेव असते. ती ठेव बुडवण्याचा अधिकार कोणत्याही बहुमताला नाही, असे आम्हांला वाटते.