दुपारी दोनची रात्र

मध्यंतरी एका रात्री मोबाइलवर ‘मॅकबेथ’वरचा एक चित्रपट पाहत होतो. राजाच्या खुनाचा प्रसंग आला आणि पडदा इतका काळा झाला, की ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही त्यात माझाच चेहरा दिसत राहिला. वैतागून मूळ नाटक वाचायला घेतलं. तेव्हा एक साधा प्रश्न पडला. विजेचे दिवे नसताना शेक्सपिअरनं एवढा अंधार रंगमंचावर आणला कसा?

उत्तर गमतीचं आहे. त्यानं तो आणलाच नाही. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर १५९९ साली उभं राहिलेलं ग्लोब नाट्यगृह मधोमध उघडं होतं, वर थेट आभाळ. खेळ दुपारी दोनच्या सुमारास सुरू व्हायचे. सुमारे ३,००० माणसं मावायची आणि नट नि प्रेक्षक एकाच उजेडात असायचे. रात्र दाखवायची तर नट पेटती मशाल किंवा मेणबत्ती घेऊन यायचा. दिवा दिसला, की अंधार पडला असं समजायचं!

दुसऱ्या अंकाची सुरुवात पाहा. बँको आपल्या मुलाला, फ्लीअन्सला, रात्र किती झाली ते विचारतो. चंद्र मावळलाय, चांदण्याही विझल्यात. तेवढ्यात चाहूल लागते आणि बँको घाईनं तलवार मागतो. येणारा असतो त्याचा जुना सोबती मॅकबेथ. उन्हात उभ्या प्रेक्षकाला तो स्पष्ट दिसतोय, फक्त त्याच्या मित्राला ओळखू येत नाहीये.

हा अंधार मॅकबेथ नवराबायकोनं मागून घेतलेला आहे. आपली इच्छा उजेडाला दिसू नये म्हणून तो ताऱ्यांना लपायला सांगतो. सुरीला आपणच केलेली जखम दिसू नये, म्हणून ती दाट रात्रीला बोलावते. दोघांचं मागणं एकच, कुणी पाहू नये. आणि हे मागणं चालतं हजारो डोळ्यांसमोर, भर दुपारी.

नाटक साधारण १६०६ सालचं. त्याच्या थोडंच आधी, १६०५च्या नोव्हेंबरात, लंडनच्या संसदेखालच्या तळघरात मध्यरात्री गाय फॉक्स पकडला गेला होता. सोबत दारूगोळ्याची ३६ पिंपं. राजा पहिला जेम्स आणि सगळी संसद उडवून द्यायचा कट होता. फॉक्सचा म्हणून जपलेला कंदील आजही ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलिअन संग्रहालयात आहे. न विझवता उजेड झाकता येईल, असा तो बनवलेला आहे. राजाचा खून रात्री शिजतो, हे त्या प्रेक्षकांना नाटकातून शिकायची गरज नव्हती.

पण शेक्सपिअरचा अंधार मारेकऱ्यांशी इमान राखत नाही. तिसऱ्या अंकात मॅकबेथ पुन्हा रात्रीला हाक मारतो आणि बँको व फ्लीअन्सवर मारेकरी घालतो. झटापटीत मशाल विझते. दिवा कुणी विझवला, असं एक मारेकरी वैतागून विचारतो, कारण त्याच काळोखात फ्लीअन्स निसटलेला असतो. आज इतिहासकार बँकोला काल्पनिक मानतात, पण तेव्हा स्टुअर्ट घराणं याच फ्लीअन्सपासून आपला वंश सांगत असे. गादीवरचा जेम्स त्या घराण्यातला, आणि शेक्सपिअरच्या नाटक मंडळीचा आश्रयदाताही तोच. म्हणजे मॅकबेथनं मागितलेल्या अंधारानंच पुढचे राजे वाचवले.

सायमन फॉर्मन नावाच्या ज्योतिष्यानं २० एप्रिल १६११ रोजी ग्लोबमध्ये हा खेळ पाहिल्याची नोंद ठेवलीये. तो वैद्यकीही करायचा. मॅकबेथची राणी रात्री झोपेत उठून चालते, सगळं कबूल करते आणि वैद्य तिचे शब्द टिपून घेतो, हे त्यानं आठवणीनं लिहिलं. या प्रवेशात तिच्या हातात दिवा असतो. हा आला कुठून, असं वैद्य विचारतो, तेव्हा दासी सांगते की दिवा कायम जवळ हवा असा राणीसाहेबांचा हुकूमच आहे. दाट रात्र मागणारी हीच ती बाई! एप्रिलच्या त्या दुपारी मेणबत्तीनं काहीच उजळलं नसणार. ती फक्त एवढंच सांगत होती, की हिच्यापुरता अंधार अजून संपलेला नाही.

वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ म्हणून हे नाटक मराठीत आणलं, तोवर रंगभूमीवर विजेचे दिवे आले होते. आता रंगमंच हवा तेवढा काळा करता येतो, आणि प्रेक्षागृहही. त्यामुळे आपण अंधारात बसून, स्वतः न दिसता खून पाहतो, अगदी मॅकबेथला हवं होतं तसं. ग्लोबमधल्या माणसाला ही सोय नव्हती. तो पाहत होता आणि शेजारच्याला पाहताना दिसतही होता.

चित्रपट मी अर्धवटच सोडला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी गॅलरीत बसून राणीचा तो प्रवेश वाचला, मोठ्यानं. समोरच्या इमारतीतल्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबून बघत होत्या.