राऊत, राऊळ आणि केल्टिक 'रीक्स'

पालघर तालुक्यातील माकुणसारच्या परिसरापासून वसईपर्यंतच्या किनारपट्टीवर, विशेषतः वाडवळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजात, राऊत हे आडनाव मोठ्या प्रमाणात आढळते. त्याचे मूळ संस्कृत 'राजपुत्र' या शब्दात असून, प्राकृतात शब्दांतर्गत व्यंजने गळत गेल्याने त्याचे 'राउत्त' आणि पुढे 'राऊत' असे रूप झाले. जुन्या मराठीत घोडेस्वार योद्ध्याला हा शब्द लावीत. अशाच प्राकृत ध्वनिबदलांनी 'राजन्'चे 'राय' आणि 'राव', 'राज्ञी'चे 'राणी' व 'राजकुल'चे 'राऊळ' झाले. राऊळ म्हणजे आधी राजवाडा, मग देऊळ, आणि महानुभाव पंथातील गुंडम राऊळांच्या नावात तर ती आदराची उपाधीही आहे.

या शब्दकुळाची एक शाखा युरोपच्या पश्चिम टोकापर्यंत पोहोचते. आयरिश, वेल्श आणि प्राचीन गॉलची भाषा यांची तुलना करून त्यांची जी लुप्त जननी भाषा अभ्यासकांनी अनुमानाने उभी केली आहे, तिला आद्य-केल्टिक म्हणतात. तिच्यात राजासाठी 'रीक्स' असे रूप मानले जाते आणि ते लेखी पुराव्यात सापडत नसल्याने त्यापूर्वी तारांकन करतात. इ. स. पू. ५२ मध्ये सीझरविरुद्ध लढलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावाचे शेवटचे पद हेच असून आजच्या आयरिशमधील 'री' हा त्याचाच वंशज होय. मूळ इंडो-युरोपीय दीर्घ 'ए'चा 'ई' होणे हे केल्टिकचे खास लक्षण असल्याने, तोच 'ई' बाळगणारा जर्मॅनिक भाषांचा पूर्वज-शब्द केल्टिककडून उसना आला, असे ठरते. जर्मन 'राइश' (राज्य) त्यातूनच निघाला. संस्कृतात मात्र त्या 'ए'चा 'आ' झाला. सर्वांच्या मुळाशी 'सरळ करणे, दिशा देणे' या अर्थाचा धातू मानतात, आणि संस्कृत 'ऋजु' हा शब्दही त्याच धातूचा आहे.

येथे उसनवारी आणि वारसा यांतील भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे: राऊत हा शब्द केल्टिकातून आलेला नाही, 'री' आणि 'राऊत'मधील 'रा' ही एकाच पूर्वजाची स्वतंत्रपणे वाढलेली संतती आहे. संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या अशा समान उगमाकडे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात लक्ष वेधले आणि केल्टिकचाही त्यात समावेश केला. राऊतांच्या किनारपट्टीकडे परतायचे तर, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध करून उत्तर कोकणातील कुळांचा वृत्तान्त अभ्यासकांपुढे ठेवला. त्या वृत्तान्ताला आडनावांच्या आणि वाडवळी बोलीच्या पद्धतशीर नोंदींची जोड मिळाली पाहिजे, कारण बोलीतील जुनी रूपे विरून गेल्यावर हा पुरावा पुन्हा उभा करता येणार नाही.