कान्हेरी : कातळात वसलेले गाव

मुंबईच्या बोरिवली उपनगराला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. प्राचीन शिलालेखांत या स्थळाचा उल्लेख 'कण्हसेल', म्हणजे कृष्णशैल किंवा काळा डोंगर, असा येतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकामास आरंभ झाला आणि पुढे सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंची वस्ती नांदती राहिली.

पर्यटकांची पावले प्रथम वळतात ती तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहाकडे. परंतु येथील शंभरांहून अधिक लेण्यांपैकी बहुसंख्य लेणी म्हणजे निवासासाठी कोरलेले विहार आहेत. कान्हेरीचे खरे वैशिष्ट्य तेच. समोर लहानसे अंगण, मग ओसरी, आत दालन, त्यालगत झोपण्याची खोली आणि बसण्यासाठी कातळातलेच बाक, अशी त्यांची सर्वसाधारण रचना दिसते. अकराव्या क्रमांकाच्या प्रशस्त लेण्यात दोन लांबलचक दगडी बाक असून ते सभेसाठी किंवा अध्ययनासाठी वापरले जात असावेत. वस्तीच्या एका टोकास दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेषही आहेत.

पावसाळ्यात प्रवास थांबवून एका ठिकाणी राहण्याच्या वर्षावासाच्या प्रथेतून असे विहार आकाराला आले. कान्हेरीला मात्र वर्षभर वस्ती शक्य झाली ती पाण्यामुळे. बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेले टाके आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. डोंगरमाथ्यावरून उतरणारे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत आणले जाई.

या वस्तीचा भार समाजाने उचलला. सोपारा आणि कल्याण येथील व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी व स्त्रियांनीही लेणी आणि पोढ्या दान दिल्या. मंगलठाण येथील शेत दिल्याचाही उल्लेख एका लेखात आहे. हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखांत डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी ठेवलेल्या ठेवींची नोंद सापडते.

इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी नव्वदाव्या लेण्यात आपली नावे पहलवी लिपीत कोरली. पुढे वस्ती ओसरली आणि डोंगर रानाने वेढला.

याच डोंगररांगेतील विहार तलावातून १८६० मध्ये मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. आज शहराची तहान शंभर किलोमीटरपर्यंतच्या धरणांवर भागते. दारात पडणारा पाऊस दारातच साठवणारी कान्हेरीची टाकी म्हणूनच केवळ पुरातत्त्वाचा विषय ठरत नाहीत. त्यांत कचरा टाकण्यापूर्वी प्रत्येक पर्यटकाने क्षणभर थांबावे, इतके त्यांचे मोल निश्चितच आहे.